न छापलेल्या चाचण्या

(दृश्य: ईसीजीची पट्टी, अगदी जवळून)

हृदयाच्या ठोक्यांची ही नोंद. लय नीट चाललेली, आणि मध्येच हा एक अवेळी ठोका. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णाच्या पट्टीवर असे ठोके दिसले की डॉक्टर सावध होतात. ते थांबवले तर रुग्ण वाचेल, हा तर्क कुणालाही पटावा असाच होता.

लॉरकेनाइड नावाचं औषध ते ठोके खरोखर थांबवत होतं. १९८० मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी शंभराहून कमी रुग्णांवर त्याची चाचणी घेतली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी. पट्टी सुधारली. पण औषध घेणाऱ्यांपैकी ९ जण दगावले, प्लासिबो घेणाऱ्यांपैकी १.

हा योगायोग असेल, असं डॉक्टरांना वाटलं. पुढे व्यावसायिक कारणांनी औषधच बाजूला पडलं आणि चाचणी छापायची राहून गेली. ती छापून आली थेट १९९३ मध्ये. तेव्हा डॉक्टरांनी स्वतःच लिहिलं, की आधी छापली असती तर धोक्याची सूचना कदाचित वेळेवर मिळाली असती. मधल्या काळात याच गटातली औषधं रुग्णांना दिली जात होती. त्या औषधांमुळे मृत्यू वाढतात हे दिसल्यावर १९८९ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या चाचणीतला त्यांचा वापर थांबवावा लागला.

(दृश्य: फायलींनी भरलेली कपाटं)

न छापलेल्या चाचण्यांच्या या फायली बहुतेक वेळा कुणी मुद्दाम दडवलेल्या नसतात. प्रयोग संपतो, फरक काही दिसत नाही. शोधनिबंध लिहायला सहा महिने घालवायचे, तर नियतकालिकाच्या संपादकाला हवं असतं काहीतरी नवं. अनुदान आणि बढती मिळते छापून आलेल्या निबंधांवर. मग फाईल मिटते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेंथल यांनी १९७९ मध्ये याचं टोकाचं चित्र मांडलं: नियतकालिकांत छापलेले ५ टक्के प्रयोग निव्वळ योगायोगाने 'यशस्वी' ठरलेले, आणि फरक न सापडलेले बाकीचे ९५ टक्के ड्रॉवरमध्ये पडलेले.

(दृश्य: पडद्यावर ७४ ठिपके)

हे ठिपके नीट पाहा. नैराश्यावरच्या १२ औषधांच्या या ७४ चाचण्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे त्यांची नोंद होती, म्हणून तर त्या मोजता आल्या. प्रशासनाच्या मते ३८ चाचण्या औषधाच्या बाजूने होत्या. त्या हिरव्या. त्यातल्या ३७ छापून आल्या. उरलेल्या ३६ लाल. आता यातले २२ ठिपके विझतात, कारण त्या चाचण्या छापल्याच गेल्या नाहीत. ११ ठिपक्यांचा रंग बदलतो: त्या छापताना निकाल अनुकूल वाटेल अशी मांडणी केली होती. लाल उरले ३. औषध लिहून देणारा डॉक्टर वाचतो ते हे ५१ ठिपके, त्यातले ४८ हिरवे. हा हिशेब २००८ मध्ये प्रसिद्ध झाला.

(दृश्य: फनेल आलेख, म्हणजे उलट्या नरसाळ्याच्या आकाराचा)

जिथे अशी सरकारी नोंद नसते, तिथे हा आलेख कामी येतो. एकेक ठिपका म्हणजे एकेक चाचणी; तो किती डावीकडे-उजवीकडे आहे, त्यावरून तिच्यात किती फायदा दिसला ते कळतं. मोठ्या चाचण्या वर, एकमेकींच्या जवळ. लहान चाचण्यांत योगायोगाचा वाटा मोठा, म्हणून त्या खाली दोन्हीकडे पसरतात. सगळ्या छापल्या गेल्या असतील तर दोन्ही बाजू साधारण सारख्या दिसतात. इथे मात्र खालचा एक कोपरा रिकामा आहे, फायदा न दिसलेल्या लहान चाचण्या असायला हव्यात तोच. याची इतरही कारणं असू शकतात, पण असा कोपरा दिसला की न छापलेल्या चाचण्यांचा शोध घ्यायलाच हवा.

(दृश्य: चाचणी नोंदणीचं संकेतस्थळ)

२००५ पासून प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांनी अट घातली: पहिला रुग्ण घेण्याआधी चाचणीची जाहीर नोंद करा, नाहीतर आम्ही छापणार नाही. रुग्ण किती, मोजणार काय, हे सगळं आधीच लिहून द्यायचं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेच्या मदतीने झालेल्या मोठ्या चाचण्यांकडे पाहा. २००० पूर्वी ३० पैकी १७ चाचण्यांत उपचाराचा फायदा दिसला होता. २००० नंतर, अशी नोंदणी होऊ लागल्यावर, तो दिसला २५ पैकी फक्त २ चाचण्यांत.

'कॉर्टेक्स' या नियतकालिकाने २०१३ मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. प्रयोग सुरू होण्याआधीच पद्धत तपासायची आणि ती चोख असेल तर तेव्हाच निबंध स्वीकारायचा. निकाल काहीही लागो, तो छापला जातो.