तोंडाकडं बघून बोल

श्रोतेहो, नमस्कार.

मी एका शिक्षणसंस्थेच्या तीन शाळांमध्ये वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून काम करते. मुलं मला ‘बोलायच्या बाई’ म्हणतात, आणि ते नाव मला आवडतं. पण हे काम मी शिकले त्याच्या कितीतरी आधी ते आमच्या घरात होतं.

माझं माहेर इचलकरंजी. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली तिथं पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पुढं गल्लोगल्ली माग वाजू लागले. माझे वडील, आबा, तीस वर्षं मागावर होते. आई घरी कांड्या भरायची. मी डबा घेऊन कारखान्यात जायचे तेव्हा हाक मारून उपयोग नसायचा. आबांच्या समोर जाऊन उभं राहायचं, त्यांनी बघितलं की मग ओठ हलवायचे. सगळे कामगार असेच बोलत, ओठांनी आणि हातांनी.

८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ-आठ तास, वर्षानुवर्षं कानावर पडला की आतल्या, आवाज टिपणाऱ्या नाजूक केसपेशी मरतात. त्या परत येत नाहीत. आधी जातात ते बारीक, उंच स्वराचे आवाज. म्हणजे ‘स’, ‘श’ पुसट होतात. कुणीतरी बोलतंय एवढं कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. आबांचं तसंच झालं. घरातही ते म्हणायचे, “तोंडाकडं बघून बोल की गं.” तरी ओठांवर सगळं दिसत नाही. ‘भात’ आणि ‘माठ’ त्यांना सारखेच दिसायचे. मग आई हातानं घास दाखवायची.

बारावीनंतर मी मुंबईला गेले. वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची, बोलण्या-ऐकण्यातल्या अडचणींवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ सालची. तिथं पहिल्याच वर्षी शिकवलं की ‘प’, ‘ब’, ‘म’ ओठांवर होतात म्हणून लहान मूल ते लवकर उचलतं, आणि ‘क’, ‘ग’ आत टाळूच्या मागं होतात, दिसत नाहीत. म्हणून ‘काका’चं ‘ताता’ होतं, ‘गाडी’ची ‘दाडी’. वर्गात बसून मला आमचं जेवणाचं ताट आठवत होतं.

आता शाळेत माझ्याकडं येणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांच्या जिभेला आधी वेखंड उगाळून लावून झालेलं असतं. “याचे वडीलही उशिराच बोलले,” असं आजी सांगतात. मी कुणाला दोष देत नाही. पण दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर थांबू नका, पहिल्यांदा त्याचे कान तपासून घ्या. जे ऐकू येत नाही ते मूल बोलणार कसं? ‘मुका’ हा शब्द मला म्हणूनच सहन होत नाही. त्या मुलाचा आवाज शाबूत असतो. आणि घरात मराठी, शेजारी कन्नड म्हणून बोलणं अडतं, हाही गैरसमज आहे.

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा असताना अडखळायला लागला. “आई, क-क-क-कुत्रा…” दोन ते पाच या वयात कितीतरी मुलं अशी अडखळतात आणि त्यातली बहुतेक आपोआप सावरतात, हे मी पालकांना रोज सांगत होते. घरी मात्र माझा जीव उडाला. “हळू बोल, श्वास घे, परत म्हण.” जे करू नका म्हणून मी सांगते, तेच मी करत होते. माझे मिस्टर त्याचं वाक्य पुरं करायचे. सासूबाई डोळे पुसायच्या. पोरगं बोलायचंच कमी झालं.

त्या उन्हाळ्यात आम्ही माहेरी गेलो. अंगणात तो आबांना काहीतरी सांगायला गेला आणि अडकला. आबांनी चहाची कपबशी खाली ठेवली, त्याच्याकडं वळले आणि त्याच्या तोंडाकडं बघत बसले. त्यांना ओठ वाचायचेच होते, घाई करून चालणार नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, फक्त पुढचा शब्द कोणता, एवढंच होतं. कुत्र्याची सगळी गोष्ट सांगून झाली. किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. मी दारात उभी होते आणि मला रडू आलं.

परत आल्यावर आम्ही घरात एवढंच बदललं. तो बोलायला लागला की हातातलं काम खाली, आणि त्याचं वाक्य त्याचंच. शाळेतल्या बाईंनाही मी तेच सांगितलं, हजेरीच्या वेळी त्याला घाई करू नका.

आता तो आठ वर्षांचा आहे. ‘क’वर अजून कधीतरी थांबतो. आबांनी खूप नाही-नाही करून यंदा कानाला यंत्र लावलं. त्यांना आता बरंच ऐकू येतं. पण नातू बोलायला आला की ते टीव्ही बंद करतात, आणि कपबशी खाली ठेवतात.

नमस्कार.