मंद आचेवरचा रस्सा

(दृश्य: तापलेलं जाड बुडाचं पातेलं, त्यात पडणारे मटणाचे तुकडे)

हा चर्र आवाज आला पाहिजे. तुकडे आधी फडक्याने टिपून कोरडे केलेत, आणि एका वेळी चार-पाचच टाकलेत. गर्दी केली की मटणाला पाणी सुटतं. पाणी असेपर्यंत तिथलं तापमान १०० अंशांवर चढत नाही आणि हा तांबूस रंग धरायला १४०च्या आसपास लागतात. या रंगामागची रासायनिक क्रिया फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये मांडली.

(दृश्य: पातेल्याचं बूड, अगदी जवळून)

बुडाला धरलेला हा तपकिरी थर घासून काढायचा नाही. त्यातच कांदा परतायचा, पाण्याचा हबका मारायचा आणि उलथन्याने खरवडायचं. बघा, पाण्याचा रंग कसा पालटला.

(दृश्य: टम्म फुगलेला राजमा, खळखळतं पाणी)

राजमा आदल्या रात्री भिजत घातला होता, तेव्हा कॅमेरा नव्हता. मंद आचेचे आम्ही कितीही गोडवे गायले, तरी इथे ती चालत नाही. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारं एक विषारी प्रथिन असतं आणि नुसत्या मंद आचेवर ते तसंच राहू शकतं. म्हणून भिजवल्याचं पाणी फेकून, ताज्या पाण्यात अर्धा तास सणसणीत उकळी. मगच तो मटणात जातो. टोमॅटो मात्र राजमा मऊ झाल्यावर. आंबट आधी पडलं तर दाणा लवकर शिजत नाही.

(दृश्य: गाजराचे जाड तुकडे)

गाजर थंडीतलंच हवं. गारठ्यात ते साठवलेल्या पिष्टाची साखर करतं. साखर असली की पेशींतलं पाणी सहजी गोठत नाही. त्याचा बचाव, आपला गोडवा.

(दृश्य: अर्धवट झाकलेलं पातेलं)

आता आच अगदी बारीक. एक बुडबुडा वर येतो, फुटतो, मग सावकाश दुसरा. याहून जास्त नको. हे खांद्याचं आणि नळीचं मटण, राबणाऱ्या स्नायूंचं, म्हणून चिवट. त्यातलं कोलॅजन, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, ७० अंशांच्या पुढे विरघळू लागतं आणि त्याचं मऊ, जेलीसारखं जिलेटिन होतं, पण त्याला तास लागतात. घाईने खळखळ उकळलं, तर तंतू आकसून रस पिळून टाकतात. मग तुकडा मऊ होतो खरा, पण कोरडा लागतो.

कुकरमध्ये हे काम बरंच लवकर होतं. कुकरचा पूर्वज फ्रेंच शास्त्रज्ञ डेनी पापँ यांनी १६७९ मध्ये बनवला, तोही हाडं मऊ करण्यासाठीच. पण बंद झाकणाआडचं कॅमेऱ्याला दिसत नाही, आणि आमचा जीव या पातेल्यातच अडकलाय.

तीन तास गॅस जळतो, कुणीतरी घरात अडकून पडतं, हेही आहेच.

(दृश्य: दुसऱ्या दिवशीचं पातेलं, फ्रिजमधून काढलेलं)

वर पांढरा, गोठलेला तवंग. तो बाजूला केला की खाली रस्सा थलथलतोय. पळी खोचली तर उभी राहते. हे कालचं जिलेटिन. घट्ट दिसतो म्हणून लगेच पाणी ओतू नका, तापला की आपोआप सैल होतो. एक चांगली उकळी येऊ द्या, मग चाखा. मीठ लागलं तर आत्ता घाला. काल आटण्याआधी घातलं असतं, तर आज खारट लागला असता.