रणगाड्याच्या पाठीवरचा फोन

नमस्कार श्रोतेहो! आज रणगाडा आणि पायी लढणारा सैनिक यांच्याबद्दल बोलायचंय. दोघांत भारी कोण, असं सगळे विचारतात, पण मला विचाराल तर खरी गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे त्यातला एकटा कोण पडला.

१९७३ चा ऑक्टोबर घ्या, इजिप्त आणि इस्रायलचं युद्ध. इजिप्तचं पायदळ सुएझ कालवा ओलांडून आलं, आणि त्यातल्या काही पोरांकडे सूटकेससारखी एक पेटी होती. पेटीत रणगाडा फोडायचं 'सॅगर' क्षेपणास्त्र. पोरगं वाळूत आडवं पडून दुर्बिणीत डोळा घालायचं, हातात छोटी जॉयस्टिक, क्षेपणास्त्र सुटलं की त्याच्यामागे बारीक तार उलगडत जायची आणि त्या तारेवरून ते वळवायचं. तीन किलोमीटरवरच्या रणगाड्यापर्यंत पोचायला २५ सेकंदांच्या आसपास लागायचे, आणि तेवढा वेळ, गोळ्या येत असताना, नजर हलवायची नाही, हात थरथरू द्यायचा नाही, नाहीतर सगळं फुकट! विचार करा, काय काळीज लागत असेल.

८ ऑक्टोबरला इस्रायलचे रणगाडे प्रतिहल्ल्याला गेले तेव्हा सोबत पुरेसं पायदळ नव्हतं, तोफखाना नव्हता, आणि ते भाजून निघाले. तेव्हा लगेच बोलणं सुरू झालं की रणगाडा संपला. पण इस्रायली काही दिवसांतच शिकले, धूर दिसला की ओरडायचं, सगळ्या मशीनगन त्या दिशेला सोडायच्या, जागा बदलायची, कारण जॉयस्टिकवाल्याला नुसतं डोकं खाली घालायला लावलं तरी क्षेपणास्त्र भरकटतं. आणि पायदळ, मॉर्टर म्हणजे उखळी तोफा पुन्हा सोबत घ्यायला लागले.

चेचन्याच्या राजधानीत, ग्रोझ्नीत तेच झालं, फक्त वाळूऐवजी बिल्डिंगा. ३१ डिसेंबर १९९४ ला रशियन चिलखती गाड्या शहरात घुसल्या, पायदळ खाली उतरून बाजूनं चालत नव्हतं. चेचेन लोकांच्या छोट्या टोळ्या, एकाकडे आरपीजी म्हणजे खांद्यावरून सोडायचं रॉकेट, एकाकडे मशीनगन, एक स्नायपर, आधी रांगेतली पहिली गाडी उडवायची मग शेवटची, मधल्या जाणार कुठे? रणगाड्याची तोफ वरच्या मजल्यापर्यंत उचलली जात नाही आणि तळघराच्या खिडकीपर्यंत खाली वाकत नाही, त्यामुळे मारणारा समोर असून हात बांधलेले.

पण म्हणून हलकं पायदळ सगळीकडे जिंकतं असं अजिबात नाही. ऑगस्ट १९९० मध्ये अमेरिकेचे ८२व्या एअरबोर्नचे पॅराट्रूपर सौदीच्या वाळवंटात पहिल्यांदा उतरले, समोर इराकचे रणगाडे, स्वतःकडे हलकी शस्त्रं आणि थोडे हलके शेरिडन रणगाडे, तेव्हा ते सैनिक स्वतःला स्पीडब्रेकर म्हणायचे. सपाट मैदानात आडोसा नाही, पायी मागे हटता येत नाही. जड रणगाडे जहाजानं यायला कित्येक आठवडे गेले, तोवर त्यांच्या जिवाला काय वाटत असेल?

२०२२ मध्ये युक्रेनमध्ये जॅव्हलिन हे खांद्यावरून सोडायचं क्षेपणास्त्र गाजलं, ते वरून, जिथे चिलखत पातळ असतं तिथे पडतं आणि सोडणारा लगेच पळू शकतो, २५ सेकंद चिकटून बसायची गरजच नाही. आता तर ड्रोन आलेत, रणगाड्यांवर जाळीचे पिंजरे बसवतात. पण ड्रोन उघड्यावरच्या सैनिकालाही सोडत नाही हो, हे लोक विसरतात.

मुळात रणगाडा जन्माला आला तोच पायदळासाठी. १५ सप्टेंबर १९१६ ला सॉमच्या लढाईत तो पहिल्यांदा उतरला, काटेरी तारा आणि मशीनगनपुढे माणसं कापली जात होती म्हणून. नंतर दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन शर्मन रणगाड्यांच्या मागच्या बाजूला फोन बसवले, बाहेरचा सैनिक तो उचलून आतल्या लोकांशी बोलायचा. अमेरिकेच्या नंतरच्या अब्राम्स रणगाड्यामध्ये सुरुवातीला हा फोनच नव्हता. मग इराकच्या शहरांत लढताना पुन्हा गरज पडली आणि शहरी लढाईच्या किटमध्ये तो परत बसवला. आत बसलेल्याला फटीतून जेमतेम दिसतं, बाहेरच्याला सगळी गल्ली दिसते, आणि तो रिसीव्हर कानाला लावून सांगतो, डावीकडची बिल्डिंग, तिसरा मजला, कोपऱ्यातली खिडकी.