खांब नंबर आणि मेंदूचे सेक्शन

(दृश्य: कुर्ल्याजवळचे रूळ. खांबावर रंगवलेला आकडा.)

ओव्हरहेड वायर तुटली, तर "कुर्ल्याच्या पुढे, नाल्यापाशी" असं कोणी कळवत नाही. खांबावरचा आकडा कळवतात. 15/4. म्हणजे सीएसएमटीपासून किलोमीटर 15, त्यातला 4 नंबरचा खांब. दुरुस्तीची गँग नेमकी तिथेच उतरते.

मेंदूवर काम करणाऱ्यांना असा खांब नंबर मिळायला फार वेळ लागला.

(दृश्य: दक्षिण मुंबईतली प्रयोगशाळा. क्रायोस्टॅटचं, म्हणजे गोठवलेल्या ऊतीचे पातळ काप करणाऱ्या यंत्राचं पातं.)

पीएचडी करणारी ही मुलगी उंदराच्या गोठवलेल्या मेंदूचे सेक्शन, म्हणजे पातळ काप, कापते आहे. अख्खा मेंदू दीड सेंटीमीटरच्या आसपास, एका सेक्शनची जाडी 40 मायक्रॉन. पात्यावर आला की सेक्शनची कड गुंडाळते. ती बारीक ब्रशने सोडवायची, सेक्शन बफरमध्ये, म्हणजे क्षारांच्या द्रावणात, तरंगू द्यायचा, मग अलगद काचपट्टीवर ओढून घ्यायचा. एखादा फाटतोच. एखादा उलटा बसतो. रंग दिल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे ठिपके चमकतात. एकेक ठिपका म्हणजे एकेक चेतापेशी.

पण हे ठिपके मेंदूत नेमके कुठे आहेत?

यासाठी वर्षानुवर्षं छापील अ‍ॅटलास उघडला जायचा. पॅक्सिनोस आणि वॉटसन यांचा रॅटच्या, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराच्या, मेंदूचा अ‍ॅटलास 1982 साली आला आणि प्रयोगशाळांच्या टेबलांवर कायमचा बसला. कवटीची हाडं वरच्या बाजूला जिथे जुळतात, तो बिंदू म्हणजे ब्रेग्मा. तिथून पुढे-मागे, डावी-उजवीकडे, खोल, सगळं मिलिमीटरमध्ये मोजायचं. पद्धत उत्तम. अडचण एवढीच, की आपला सेक्शन कोणत्या पानाशी जुळतो हे नजरेने ठरवावं लागतं. त्यात पातं जरा तिरकं लागलं, की सेक्शनचा वरचा भाग एका पानावरचा आणि खालचा दुसऱ्याच. शिवाय दोन अ‍ॅटलासांत एकाच भागाच्या सीमा वेगळ्या आखलेल्या असतात. मग एका निबंधातला पेशींचा आकडा दुसऱ्या निबंधातल्या आकड्याशी ताडून बघायचा कसा?

(दृश्य: पडद्यावर फिरणारा त्रिमितीय मेंदू.)

सिअ‍ॅटलच्या अ‍ॅलन इन्स्टिट्यूटने 1,675 उंदरांच्या मेंदूंची सरासरी काढून एक त्रिमितीय चौकट बांधली. तिचं तपशीलवार वर्णन 2020 साली प्रसिद्ध झालं. रॅटसाठी अशीच वॅक्सहोम स्पेस आहे. ऑस्लो विद्यापीठातून आलेलं क्विकएनआयआय हे सॉफ्टवेअर या चौकटी तिरक्यातही कापून दाखवतं. आपली मुलगी आता तेच करते आहे. माऊसने कोन किंचित बदलते, हिप्पोकॅम्पसची, म्हणजे स्मृतीशी निगडित भागाची, कमान जुळते का बघते, पुन्हा बदलते. जुळलं, की प्रत्येक हिरव्या ठिपक्याला तीन आकडे मिळतात. मेंदूच्या भागाचं नाव उद्या बदललं, सीमा सरकली, तरी ते तीन आकडे तेच राहतात.

डेटा वाटून घ्यायचा तो या आकड्यांसकट. युरोपातल्या ईब्रेन्स या मेंदूविषयक डेटाच्या व्यासपीठावर डेटासंच ठेवला की त्याला डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक मिळतो. त्यामुळे डेटा वापरणाऱ्याला मूळ संशोधकाला श्रेय देता येतं. "माझा डेटा, पेपर दुसऱ्याचा" ही भीती त्याने जरा कमी होते. पूर्ण जात नाही, आणि ती अगदीच खोटी आहे असंही नाही. पण पाच वर्षांचं काम कपाटातल्या हार्ड डिस्कवर, तेही मुंबईच्या दमट हवेत, ठेवून देण्यात कोणाचं भलं आहे?

माणसाच्या मेंदूचं गणित अवघड. बराच काळ जगभर वापरला गेलेला तालैराख अ‍ॅटलास एकाच वृद्ध स्त्रीच्या मेंदूवरून केलेला. 2019 साली हैदराबादच्या ट्रिपल आयटीने 50 पुरुष आणि 50 स्त्रियांच्या एमआरआयवरून भारतीय मेंदूचा अ‍ॅटलास केला. पाश्चात्त्य मेंदूच्या तुलनेत सरासरी उंची, रुंदी आणि आकारमान कमी निघालं. याचा बुद्धीशी काही संबंध नाही. पण मेंदू आक्रसतोय का हे पाहायचं असेल, तर परक्या मापाशी तुलना करून चुकीची काळजी पदरात पडते. आयआयटी मद्रासने 2024 साली गर्भाच्या मेंदूचे 5,132 सेक्शन 'धरणी' या नावाने सर्वांसाठी खुले केले.

(दृश्य: कुलाबा. टीआयएफआरची, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची इमारत.)

इथे ओबेद सिद्दिकींनी 1962 साली रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे इथेच फळमाशीच्या वासाच्या संवेदनेवर काम झालं. त्या माशीच्या मेंदूतल्या 1,39,255 चेतापेशींचा पूर्ण नकाशा 2024 साली प्रसिद्ध झाला. तो ब्राउझरमध्ये उघडतो. पैसे पडत नाहीत.

(दृश्य: जुन्या काचपट्ट्यांचा लाकडी डबा.)

या काचपट्ट्यांवरचे क्रमांक पुसले गेलेत. तरी टाकून द्यायची घाई नको. डीपस्लाइस नावाची प्रणाली सेक्शनचं चित्र बघून तो चौकटीत कुठे बसतो याचा अंदाज स्वतः बांधते. फाटलेल्या, फुगे अडकलेल्या काचपट्ट्यांपुढे तीही गोंधळते. बाकीच्यांचं स्कॅनिंग आज दुपारपासून सुरू होतंय.