टुणटुणच्या आधी उमादेवी होत्या

नमस्कार मंडळी. माझ्या मागे भिंतीवर ही काळी तबकडी दिसतेय ना? (बाजूला सरकून रेकॉर्ड दाखवते) जुन्या बाजारातून आणलेली ७८ आरपीएमची रेकॉर्ड आहे. कडेपासून मध्यापर्यंत चीर गेलीय, त्यामुळे वाजत नाही. पण लेबलवरचं नाव अजून स्वच्छ वाचता येतं. उमादेवी.

या बाईंना तुम्ही ओळखता. नक्की ओळखता, फक्त दुसऱ्या नावानं. टुणटुण. हिंदी सिनेमातल्या विनोदी नटी.

आज मी त्यांना पूर्ण व्हिडिओभर अहो-जाहो करणार आहे. पडद्यावर चाळीस वर्षांत त्यांच्या वाट्याला ते फारसं आलं नाही, म्हणून.

आधी माझं सांगते, कारण या विषयाशी माझं जुनं नातं आहे. मी सदाशिव पेठेत वाढले. लहानपणापासून अंगानं भरलेली. पाचवीत वर्गात माझं नाव पडलं टुणटुण. मराठीत हे नाव फार पटकन चिकटतं. आपल्याकडे 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' आधीपासून आहेच, त्यामुळे मुलांना फार डोकं चालवावं लागत नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला दरवर्षी एकच काम मिळायचं. खुर्चीवर बसायचं आणि खुर्ची मोडायची. टाळ्या पडायच्या. बाईसुद्धा हसायच्या. मी घरी येऊन मोरीचं दार लावून रडायचे. गाण्याच्या स्पर्धेला मी नाव दिलं होतं त्या वर्षी, ते मात्र यादीतून गळलं. का गळलं, ते मला कोणी सांगितलं नाही.

आमच्या वाड्यात सकाळी रेडिओ सिलोन लागायचं. आजीचं त्याशिवाय पान हलायचं नाही. ती खरखर, मधेच आवाज लांब जाणार, परत जवळ येणार. एकदा सुट्टीच्या दिवशी आजी पोळ्या करत होती, मी शेजारी पाटावर बसून फुलके पुसून डब्यात ठेवत होते, आणि गाणं लागलं. 'अफसाना लिख रही हूँ'. आजीचं लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी एका बाजूनं काळी पडायला लागली, तरी तिचं लक्ष नाही. गाणं संपलं तसं मी विचारलं, "आजी, कोण गं ही?"

"उमादेवी. ती नाही का तुमची टुणटुण? तीच."

मला वाटलं आजी माझी थट्टा करतेय. पण आजी माझी थट्टा करत नसे.

तर या उमादेवी कोण, ते बघूया.

११ जुलै १९२३ चा जन्म. उत्तर प्रदेशात अमरोह्याच्या बाजूच्या एका खेड्यातल्या. माहेरचं आडनाव खत्री. आईवडील इतक्या लहानपणी गेले की त्यांचे चेहरेही पोरीला आठवत नव्हते. नातेवाइकांकडे वाढल्या, म्हणजे नातेवाइकांच्या घरची धुणीभांडी करत वाढल्या. गाणं कोणाकडे शिकायला मिळणं शक्यच नव्हतं. रेडिओवर जे कानावर पडेल ते उचलायचं आणि कोणी नसताना गुणगुणायचं. विशी ओलांडल्यावर ही मुलगी एकटी मुंबईला पळून आली. १९४० चं दशक आहे, लक्षात घ्या. हातात पैसा नाही, ओळखीचं घर नाही, शास्त्रीय तालमीचा एक दिवस नाही. आणि जाऊन उभी राहिली कोणाच्या दारात? संगीतकार नौशाद यांच्या. मला गायला द्या, नाहीतर समुद्रात जीव देते, असा हट्ट त्यांनी धरला होता अशी गोष्ट सांगितली जाते. नौशादांनी आवाज ऐकला आणि काम दिलं.

१९४७ साली दिग्दर्शक ए. आर. कारदार यांचा 'दर्द' आला. गीतकार शकील बदायुनी, त्यांचा हा पहिलाच सिनेमा. त्यात उमादेवींनी 'अफसाना लिख रही हूँ' गायलं, सुरैयाबरोबर 'बेताब है दिल' हे द्वंद्वगीत गायलं. पडद्यावर 'अफसाना'ला ओठ हलवले मुनव्वर सुलताना यांनी. हे नाव जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कॉपीराइटमुळे मला ते गाणं इथे वाजवता येत नाही, त्यामुळे शब्दांतच सांगायचा प्रयत्न करते. (खुर्ची पुढे ओढून) आवाज जाडसर आहे, किंचित नाकातला, अगदी सरळ लागणारा. हरकती मुरक्या फार नाहीत. 'अफसाना' या शब्दातला 'सा' त्या जरा जास्त वेळ धरतात आणि मग अलगद खाली उतरतात, जसं कोणी पत्र लिहिता लिहिता दौतीशी हात थांबवावा. शिकलेली गायिका तिथे काहीतरी सजावट करेल. उमादेवी काहीच करत नाहीत, नुसत्या थांबतात. त्या थांबण्यात सगळी वाट पाहणं आहे. मी गाणं शिकलेली बाई आहे, लग्नानंतर हट्टानं शिकले, आणि तरीही ती जागा मला आजपर्यंत तशी जमलेली नाही.

पुढच्या वर्षी, १९४८ साली, 'अनोखी अदा'. आणि त्याच वर्षी मद्रासच्या जेमिनी स्टुडिओचा 'चंद्रलेखा', एस. एस. वासन यांचा, तो प्रचंड नगाऱ्यांवरचा नाच ज्यात आहे तो. त्याच्या हिंदी आवृत्तीत उमादेवींची सात गाणी आहेत. 'सांझ की बेला, जिया अकेला' त्यातलंच. तालमीशिवाय आलेली मुलगी वर्ष-दीड वर्षात इथवर पोचली होती.

आणि मग काम आटलं. कारदारांच्या करारात असताना बाहेर गायल्यामुळे एक दार बंद झालं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे १९४९ साल. 'महल', 'बरसात', 'अंदाज', एकाच वर्षात. लताबाईंचा आवाज आला, आणि पार्श्वगायनाची पट्टीच वर गेली. पातळ, उंच जाणारा, वाकेल तसा वाकणारा गळा संगीतकारांना हवासा झाला. 'अंदाज' तर नौशादांचाच. उमादेवींचा गळा जुन्या पद्धतीचा, ठरावीक पट्टीत सुंदर लागणारा. मी यात कोणाला दोष देत नाही. लताबाईंचं गाणं ऐकून कोण दोष देणार? पण एका मोठ्या लाटेत किती होड्या कडेला लागल्या, हेही सांगायला हवं ना.

एव्हाना उमादेवींचं अख्तर अब्बास काझी यांच्याशी लग्न झालं होतं, पुढे चार मुलं झाली. अंग सुटलं. घर चालवायला काम तर हवं. पुन्हा नौशादच मदतीला आले. त्यांनी या बाईची बडबड, हजरजबाबीपणा, खळखळून हसणं रोज पाहिलं होतं. त्यांनी सुचवलं, अभिनय करा. आणि उमादेवींनी अट घातली, करीन, पण दिलीपकुमारबरोबर.

ही अट मला फार आवडते. गाणं सुटलेलं आहे, पदरी लेकरं आहेत, शरीर सिनेमाला चालेल असं कोणी म्हणणार नाही, आणि बाई अट घालतात ती थेट दिलीपकुमारची.

अट मान्य झाली. १९५० साली एस. यू. सनी यांचा 'बाबुल' आला. दिलीपकुमार, नर्गिस आणि मुनव्वर सुलताना. हो, त्याच. तीन वर्षांपूर्वी ज्यांच्या ओठांतून उमादेवींचा आवाज आला होता त्या. संगीत पुन्हा नौशादांचं. पण गायले तलत महमूद, शमशाद बेगम वगैरे. म्हणजे 'दर्द'मध्ये उमादेवींचा आवाज होता आणि त्या दिसत नव्हत्या. 'बाबुल'मध्ये त्या दिसत होत्या आणि त्यांचं गाणं नव्हतं. हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं तेव्हा मी टीव्ही बंद करून बराच वेळ तशीच बसून राहिले होते.

नावाची गोष्ट 'बाबुल'च्याच वेळची. एका प्रसंगात धावता धावता त्या दिलीपकुमार यांच्या अंगावर पडतात. तेव्हा दिलीपकुमार यांच्या तोंडून निघालं की कोणीतरी या टुणटुणला उचला. सेटवर हशा पिकला आणि नाव पक्कं झालं. उमादेवींनी ते आनंदानं घेतलं, पोस्टरवर मिरवलं, त्यावर संसार उभा केला. त्यांनी घेतलं म्हणून त्यांचा आनंद मी काढून घेणार नाही.

आता त्यांच्या कामाबद्दल बोलते, कारण कामाबद्दल कोणी बोलतच नाही. 'जाड बाई पडली, लोक हसले' एवढ्यावर विषय संपवतात. मंडळी, पडणं हे काम आहे. गॅदरिंगला मी चार वर्षं खुर्ची मोडलीय, मला माहीत आहे. अर्धा क्षण आधी पडलात तर लोक दचकतात, अर्धा क्षण उशिरा पडलात तर त्यांना दया येते. हसू त्या मधल्या बारीक फटीत असतं. आणि भारी शरीर पडतं तेव्हा लागतंही भारी.

लॉ कॉलेज रोडवर आपलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ सालचं. पुण्यात राहण्याचा हा केवढा फायदा! तिथे मी 'प्यासा' मोठ्या पडद्यावर पाहिला. १९५७ चा सिनेमा. त्यात टुणटुण आहेत नायकाच्या कॉलेजातल्या मैत्रिणीच्या, पुष्पलताच्या, भूमिकेत. काम छोटंसं. पण त्या उदास सिनेमात त्या आल्या आणि सभागृहातले सगळे खांदे सैल झाले. मी त्या दिवशी डोळे मिटून फक्त त्यांचं बोलणं ऐकलं. एका दमात केवढं वाक्य! कुठे श्वास घ्यायचा, कुठे सूर चढवायचा, कुठे शेवटचा शब्द सोडून द्यायचा, सगळं पक्कं. अहो, ही तर गायिकेची दमसास आहे! 'अफसाना'मधला 'सा' धरून ठेवणारा तोच श्वास इथे विनोद पेलतोय. गाणं सुटलं असं आपण म्हणतो, पण गळा कुठे सुटतो?

गुरुदत्त यांनी त्यांना 'आर पार'मध्ये घेतलं, 'मिस्टर अँड मिसेस ५५'मध्ये घेतलं, 'प्यासा'मध्ये घेतलं. बाकी असंख्य सिनेमे. जवळपास दोनशे भरतात. 'हाफ तिकीट' आहे, 'नमक हलाल' आहे, शेवटचा १९९० चा 'कसम धंधे की'. बहुतेकांत काम तेच, काडीसारख्या नवऱ्याची भारदस्त बायको किंवा हिरोला गाठू पाहणारी बाई. त्यांच्या मागून पाच वर्षांनी आपल्या शुभा खोटे पडद्यावर आल्या, 'सीमा'मधून. शुभाताईंना मेहमूदबरोबर विनोदी जोडीच्या भूमिका मिळाल्या, प्रेम मिळालं, रुसवे मिळाले, गाणी मिळाली. टुणटुणच्या पात्रानं प्रेम केलं की ते प्रेम हाच विनोद ठरायचा. लेखकांनी या बाईंच्या बाबतीत फार आळस केला, असं माझं स्पष्ट मत आहे. वजनाच्या पलीकडचं एक पान जरी कोणी लिहिलं असतं ना!

तरीही त्यांनी चाळीस वर्षं काम केलं. मुलं वाढवली. नोव्हेंबर २००३ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, मुंबईत गेल्या. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मथळ्यात टुणटुण होतं आणि मी आत 'अफसाना' शोधत होते.

आता या रेकॉर्डबद्दल. (रेकॉर्ड भिंतीवरून काढून हातात घेते) आपला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मी एका रविवारी सकाळी गेले होते, पितळी कडीकोयंडा शोधायला. एका काकांनी जमिनीवर ताडपत्री टाकून स्क्रू, नळाच्या तोट्या, घड्याळं मांडलेली. कडेला रेकॉर्डची चळत, उन्हात. मी एकेक उलटत गेले आणि हे नाव आलं.

काका म्हणाले, "ताई, ती राहू द्या. चीर गेलीय, वाजायची नाही."

मी म्हटलं, असू दे, हीच द्या.

त्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली. गुंडाळता गुंडाळता लेबल वाचलं. "कोण ओ ही उमादेवी?"

"टुणटुण," मी म्हटलं. "आधी गायच्या त्या."

काकांनी गुंडाळलेला कागद परत उलगडला. रेकॉर्ड बाहेर काढली, दोन्ही हातांनी उन्हात धरून पाहिली. मग खांद्यावरचा पंचा घेऊन ती पुसली, आधी एक बाजू, मग दुसरी, लेबलवरून अगदी हलक्या हातानं, आणि दुसऱ्या, कोऱ्या कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली.