पुलावरचा खर्ज

(दृश्य : विल्यम्सबर्ग पूल, पहाट. खालून मालवाहू नौका जाते.)

न्यूयॉर्कचा विल्यम्सबर्ग पूल. १९०३ साली खुला झाला. मधला मुख्य गाळा १६०० फुटांचा, खाली ईस्ट नदी, एका टोकाला मॅनहॅटन आणि दुसऱ्याला ब्रुकलिन. मोटारी खालच्या अंगाला, मधून मेट्रोचे रूळ आणि पायी जाणाऱ्यांची वाट उंचावर.

१९५९चा उन्हाळा ते १९६१ची अखेर, अमेरिकन जॅझवादक सनी रोलिन्स टेनर सॅक्सोफोन घेऊन इथे रियाजाला येत राहिले.

(दृश्य : रेकॉर्डची वेष्टणं.)

तिशीही गाठलेली नव्हती आणि नाव झालेलं होतं. १९५६ची ‘सॅक्सोफोन कोलोसस’. पुढच्याच वर्षी ‘वे आउट वेस्ट’, त्यात पियानो नाहीच, साथीला फक्त बास आणि ड्रम्स. अशा वेळी त्यांनी जाहीर वादन बंद केलं. पुन्हा नशा, असा तर्क सोपा होता, पण हेरॉइन त्यांनी १९५५ मध्येच लेक्सिंग्टनच्या रुग्णालयात उपचार घेऊन सोडलं होतं. आपलं नाव मोठं झालंय, वादन तेवढं झालेलं नाही, असं त्यांना वाटत होतं. एवढंच कारण.

घर जवळच, ग्रँड स्ट्रीटवर. शेजारी एक गरोदर बाई. टेनरचा आवाज भिंती अडवत नाहीत. मग पूल सापडला.

(दृश्य : आजचा एक वादक पुलावर सॅक्सोफोनची पेटी उघडतो. तोंडात धरायचा माउथपीस, त्यावरची वेताची पातळ पट्टी म्हणजे रीड, आणि बोटं जवळून.)

उघड्यावर रियाज करताना काय होतं, ते या वादकाकडे बघून कळेल. खोलीत भिंती आवाज परत देतात आणि आपला स्वर भरदार आहे असं वाटत राहतं. इथे काहीच परत येत नाही. मग वादक जोर लावतो, जबडा रीडवर आवळतो, घसा अरुंद होतो, स्वर वर चढतो आणि पातळ पडतो.

उपाय गवयांना नवा नाही : खर्ज. सगळ्या चाव्या मिटून टेनरचा सर्वांत खालचा स्वर धरायचा. हळू सुरू करायचा, एका श्वासात फुलवायचा, तसाच ओसरू द्यायचा. इथे वाद्याचीही परीक्षा होते. वरचं छिद्र झाकणाऱ्या एखाद्या पॅडमधून केसभर हवा निसटली, तरी हा स्वर घुरघुरतो, नाहीतर सप्तक ओलांडून उडी मारतो.

(दृश्य : बोटं स्थिर. फक्त गळा हलतो.)

आता बोटं तशीच. त्याच खर्जातून आधी वरचा षड्ज काढायचा, मग त्याच्यावरचा पंचम, मग त्याहून वरचा षड्ज. बदल फक्त घशात आणि जिभेच्या मागच्या भागात. ओठ आवळून स्वर निघालाच, तर तो चिरका निघतो. हे जमलं की नेहमीचे स्वरही भरतात.

थंडीत धातू गार पडतो आणि वाद्य उतरतं. म्हणून चाव्या मिटून आधी आत गरम श्वास सोडत राहायचं, माउथपीस वाद्याच्या मानेवरच्या कॉर्कवर थोडा आत सरकवायचा. वाद्य तापलं की स्वर चढतो, तेव्हा तोच माउथपीस पुन्हा बाहेर. रीडचं टोक वाऱ्यानं सुकतं, त्याला लाटा पडतात, वाद्य किंचाळतं. रीड तोंडात धरून ओलं करायचं, वारा पाठीवर घ्यायचा.

(दृश्य : मेट्रो धडधडत जाते. वादक थांबत नाही.)

या गोंगाटाची रोलिन्सना अडचण नव्हती. नौकांच्या भोंग्यांना ते सॅक्सोफोननं उत्तर देत. कधी कधी दिवसाचे पंधरा-सोळा तास. याला संन्यास म्हणायची पद्धत पडली आहे. आम्हाला ती मजुरी वाटते.

(दृश्य : ‘द ब्रिज’चं वेष्टण.)

नोव्हेंबर १९६१ मध्ये ते ‘जॅझ गॅलरी’ क्लबच्या मंचावर परतले. १९६२च्या सुरुवातीला ‘द ब्रिज’ ध्वनिमुद्रित झाली, पियानोच्या जागी जिम हॉल यांची गिटार घेऊन. क्रांतीची वाट बघणारे काही समीक्षक हिरमुसले. त्यांनी स्वराचा भरदारपणा ऐकायला हवा होता. साठच्या दशकाच्या अखेरीस रोलिन्स पुन्हा थांबले आणि मुंबईत, पवईच्या आश्रमात जाऊन राहिले.

(दृश्य : पुलाचे मनोरे, पादचारी वाट.)

पुलाला रोलिन्स यांचं नाव द्यावं, अशी मोहीम न्यूयॉर्कमध्ये निघाली. पूल बांधला तो मुख्य अभियंता लेफर्ट बक यांनी. पण इथे आलेल्या जॅझप्रेमीला वाट विचारायची असते ती रोलिन्सच्या पुलाची.