अजब बंगल्याला जाताना: निवेदन

[दृश्य: बंद फाटक. बाहेर एक गाडी, आत माणसं. सकाळ.]

सोमवार आहे. हा शॉट आम्ही ठरवून घेतलेला नाही. कॅमेऱ्याचं स्टँड लावत होतो, तेवढ्यात काटोलहून एक कुटुंब आलं. आजी, आई-वडील, दोन पोरं, डब्यांची पिशवी.

"बंद आहे का भाऊ?"

"सोमवार आहे नं आज."

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. सोमवारी सुट्टी. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, आम्ही सांगतोच आहोत.

सिव्हिल लाइन्समधल्या या इमारतीला नागपुरात मध्यवर्ती संग्रहालय कोणी म्हणत नाही. ऑटोवाल्याला 'अजब बंगला' म्हणा. मेट्रोने येणार असाल तर झिरो माइल किंवा कस्तुरचंद पार्कला उतरा, थंडीत तिथून पायीसुद्धा जमतं. मे महिन्यात मात्र हा विचार करू नका.

[दृश्य: पहाट. काटोल रोड. धुकं. गाडीच्या काचेतून माळरान.]

पण आम्ही तुम्हाला आधी अजब बंगल्यात नेणारच नाही. आधी जुनापाणीला चला. शहराच्या बाहेर, काटोल रोडने, सकाळी सातच्या आत. पाणी सोबत घ्या, सावलीला फारसं काही नाही.

हे दगड. नीट बघा, कोणी आणून टाकलेले वाटतात, आणि आणलेलेच आहेत. गोल रचलेत. आत मातीचा, मुरमाचा बुटका उंचवटा. असं एक वर्तुळ, पलीकडे दुसरं, त्याच्या पलीकडे तिसरं. जुनापाणीच्या परिसरात अशी सुमारे तीनशे वर्तुळं नोंदली गेली आहेत. ही दफनं आहेत, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. लोखंड वापरणाऱ्या, घोडे बाळगणाऱ्या माणसांची. याच रस्त्यावरच्या माहुरझरीला उत्खननात घोडे पुरलेले सापडले, त्यांच्या तोंडावर तांब्याचे दागिने होते. मेलेल्या माणसासोबत घोडा द्यायचा, आणि तोही सजवून. लग्नाच्या वरातीतली घोडी आठवते आपल्याला, पण हा प्रवास वेगळा.

[दृश्य: एका दगडाचा क्लोजअप. अंगठा खळग्यात टेकतो.]

आता या दगडावर बोट फिरवा. हा खळगा. अंगठ्याचं टोक बसेल एवढा. शेजारी दुसरा. मग रांग. पावसाने असे ओळीत खळगे पडत नाहीत, कोणीतरी बसून ठोकत राहिलं आहे. खुणा असलेले दगड वर्तुळाच्या नेमक्या कुठल्या बाजूंना बसवले आहेत, त्याची मोजमापं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी घेतली. आपण मोजमाप नको घेऊ. अंगठा टेकवा, तेवढं पुरे.

[दृश्य: टाकळघाटकडे जाणारा रस्ता. नाला. पुलावरून ट्रॅक्टर.]

आणि हा नाला का दाखवतोय?

साल १८६३. मध्य प्रांत नावाचा नवा प्रांत होऊन दोनच वर्षं झाली होती, राजधानी नागपूर. चीफ कमिशनर होते रिचर्ड टेंपल. त्यांच्याच पुढाकाराने त्या वर्षी हे संग्रहालय सुरू झालं. त्याच नागपुरात स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटिश मिशनरी होते. धर्मप्रचार आणि शाळा हे त्यांचं काम, पण डोळे कायम जमिनीकडे. जीवाश्म, खडक, गोंडी गाणी, दगडांची वर्तुळं, सगळंच गोळा करायचे. गोंडांच्या कथा-गीतांची टिपणं त्यांनी वर्षानुवर्षं काढली. बुटीबोरीजवळच्या टाकळघाटला अशीच वर्तुळं आहेत. ४ सप्टेंबर १८६३. ती बघून हिस्लॉप घोड्यावरून मुक्कामाकडे परतत होते. पावसाळा. नाला भरलेला. ते बुडाले.

त्यांची टिपणं टेंपल यांनी १८६६ साली छापून घेतली. हिस्लॉप कॉलेजात शिकलेले नागपूरकर हजारोंनी आहेत. त्यांतल्या कितीजणांना हा नाला ठाऊक असेल, आपण विचारायला नको.

वर्तुळं आता कमी होत चालली आहेत, कुठे प्लॉट पडले, कुठे गिट्टी निघाली.

[दृश्य: तर्री-पोह्याची गाडी. वाफ. मग संग्रहालयाचं उघडं फाटक.]

पोहे खा. तर्री बेताने, कारण पुढचे दोन तास उभं राहायचंय. सावजीचा बेत दुपारी.

आत गेल्यावर पहिली चूक सगळेच करतात, आम्हीही शाळेच्या सहलीत केली. धावत प्राण्यांच्या दालनात. पेंढा भरलेले प्राणी बघायचे, ओरडायचं, रांग करायची, बाहेर. सहल संपली. पोरं सोबत असतील तर मात्र उलट करा: आधी प्राणीच दाखवून टाका. पोटभर बघू द्या. मग ती शांत होतात आणि तुम्हाला दगडांपुढे उभं राहता येतं. शस्त्रं आहेत, चित्रं आहेत, आदिवासी कलेचं दालन आहे. सगळं एका फेरीत बघायला जाऊ नका. दोन वस्तू निवडा. आमच्या दोन या.

[दृश्य: तांब्याची कुऱ्हाड. कॅमेरा हळूहळू पुढे.]

पहिली, गुंगेरिया. बालाघाट जिल्ह्यातलं गाव, आज मध्य प्रदेशात, तेव्हा नागपूरच्या कारभाराखाली. १८७० साली तिथे जमिनीखाली एक साठा लागला. तांब्याच्या ४२४ वस्तू, वजन पावणेचारशे किलोच्या घरात. शिवाय चांदीचे १०२ पत्रे, काही गोल चकत्या, काही खाली वळलेल्या शिंगांच्या बैलाच्या तोंडासारखे. बऱ्याच वस्तू लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. काही इथे राहिल्या.

धार बघा. पसरट, पातळ होत गेलेली. मागचा भाग जाड. दांड्यासाठी भोक नाही, म्हणजे लाकडाला खाच पाडून बांधायची असणार. हिरवट काळपट रंग तांब्याला आपोआप चढतो, घरातल्या जुन्या घंगाळावर चढतो तसाच. पण घंगाळ आजीच्या आजीचं. ही कुऱ्हाड आपल्या गावांना नावं पडायच्या कितीतरी आधीची.

[दृश्य: शिलालेख. टॉर्चचा तिरपा उजेड, अक्षरं उठून दिसतात.]

दुसरी वस्तू हा शिलालेख. समोरून बघितलात तर काळा दगड दिसेल. बाजूला सरका, उजेड तिरपा पडू द्या. आता? संस्कृत, नागरी लिपी. विक्रम संवत ११६१, म्हणजे इसवी सन ११०४-०५. माळव्याच्या परमार राजांची ही स्तुती. नरवर्मा राजाने ती स्वतः रचली असं मानतात. स्वतःच्या घराण्याचं कौतुक स्वतःच करायचं, यात नवल नाही. आम्हाला रस आहे तो शेवटाकडच्या मजकुरात. त्याचा थोरला भाऊ लक्ष्मदेव, त्याने पूर्वी दोन गावं दान दिली होती, त्यांच्या बदल्यात नरवर्मा आता मोखलपाटक हे गाव देतो. इतक्या देवांची, पूर्वजांची, लढायांची कवने म्हणून झाल्यावर गोष्ट येते फेरफाराच्या नोंदीवर. तलाठी कार्यालयात खेटे घातलेल्या माणसाला हा दगड लगेच कळेल.

तिकीट, फोटोची परवानगी, कुठलं दालन दुरुस्तीला बंद आहे, हे खिडकीवर विचारून घ्या. वही-पेन्सिल न्या. शाळेची बस दारात उभी दिसली तर चहा पिऊन या.

[दृश्य: मोबाइलवर घेतलेलं, हलणारं चित्रण. काटोल रोड. संध्याकाळ.]

त्या सोमवारचं कुटुंब. गाडी वळवून परत काटोलला निघालं होतं. आमच्या कॅमेरामनने त्यांना जुनापाणीचा रस्ता सांगितला, वाटेतच होता. हे त्यांनी नंतर पाठवलं. आजी चप्पल काढून बाहेरच थांबल्यात. धाकटा वर्तुळाभोवती फिरतोय, दगड मोजतोय, चुकतोय, पुन्हा पहिल्यापासून. मग मध्येच थांबून वडिलांना विचारतो.

"बाबा, हे बंद कधी होते?"